राहिलेली भरती

“खाडीचं पोट भरल्याशिवाय आपण जेवायचं नाही,” असं सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात बजावलं होतं आणि मथुराबाईंनी त्यांना वचन दिलं होतं. तेव्हा भरती आपल्या वेळेवर यायची. घाटाच्या पायरीला पाणी लागलं की घरात पानं वाढली जायची. आता खाडीच्या तोंडाशी पोलादी दार होतं, आणि भरती कधी आत सोडायची ते दाराचं यंत्र ठरवत असे.

“आजची भरती रद्द,” पायरीजवळच्या भोंग्यातून यंत्राचा गोड आवाज आला. “किनाऱ्यावर पाहुण्यांचा समारंभ आहे.”

“कालही हेच म्हणालीस गं बाई. चिखलाला भेगा पडल्या, तिवरांची मुळं उघडी पडली. चिखलातल्या निवट्या मासोळ्या तोंड वासून पडल्यात बिचाऱ्या,” मथुराबाई भोंग्याला म्हणाल्या.

“राहिलेली भरती परवा एकदम देऊ.”

“उपाशी लेकराला कुणी एकदम भरवतं का?”

“अगं, जेव आता,” विश्रामराव ओसरीवरून वैतागले. “नवऱ्याशी कधी एवढी भांडली नाहीस.”

मथुराबाईंनी तुळशीला हात जोडले, कमरेवर घागर घेतली आणि दारापलीकडच्या समुद्राकडे बांधावरून निघाल्या.

“घागरीनं कधी खाडी भरते का?” विश्रामरावांनी मागून विचारलं.

“आज जेवायला उशीर होईल,” त्या हळूच म्हणाल्या.