अस्वलासाठी काडतूस

‘भाऊजी, आज जरा ह्यांच्याशी भांडा हो,’ मीनाक्षी दारातच म्हणाली. कमलाकरचा ओला कोट अजून त्याच्या हातातच होता.

‘भांडू? का?’

‘हार्टचं ऑपरेशन झाल्यापासून हे कशालाच नाही म्हणत नाहीत. अळणी उसळ वाढली, बरं. चहात साखर नाही, बरं. परवा आसावरी म्हणाली, बाबा, ग्लासगोचं घर विका आणि केंब्रिजला माझ्याजवळ फ्लॅट घेऊन राहा. त्यालाही बरं! सोमवारी एस्टेट एजंट यायचाय फोटो काढायला.’ तिनं त्याच्या हातातला कोट घेतला. ‘जायचं की नाही ते नंतर बघू. पण ह्यांच्या मनात काय आहे ते तरी कळू दे. दिवसभर नुसतं बरं, बरं. मला भीती वाटते हो.’

कमलाकरला हसू आलं. श्रीनिवासशी भांडायचं, त्यात काय अवघड! दोघं पुण्यात एका बाकावर बसून भांडले, ग्लासगोत डॉक्टरकी करत भांडले, आता रिटायर होऊन भांडत होते. पर्थशायरच्या डोंगरात हरणं मारायला जायचे तेव्हा दोघांनी ठरवलं होतं, एकदा कॅनडाला जाऊन काळं अस्वल मारायचं. जाणं काही झालं नाही. आधी मुलांच्या परीक्षा, मग मॉर्गेज, मग गुडघे. पण त्या अस्वलाला काडतूस कुठलं घालायचं हा वाद चाळीस वर्षं पेटलेला होता. कमलाकर नव्या थ्री-ओ-एटचा. श्रीनिवास जुन्या थ्री नॉट थ्रीचा, कारण कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा खांद्याला लावलेली रायफल तीच.

श्रीनिवास खिडकीशी बसला होता, मांडीवर शाल, खुर्चीला टेकवलेली काठी. खिडकीच्या कट्ट्यावर औषधांच्या बाटल्यांमध्ये त्याचं थ्री नॉट थ्रीचं शोभेचं काडतूस उभं होतं, आत दारू नसलेलं.

‘काय श्रीन्या, अस्वल आलंय समोर. शंभर पावलांवर. बोल, काय भरू?’

श्रीनिवास हसला. पाहुण्यांकडे बघून हसतात तसा. ‘तू म्हणशील ते.’

‘मी थ्री-ओ-एट भरतो. तुझी म्हातारी राहू दे कपाटात.’

‘बरं. तुझंच बरोबर होतं, कमल्या. वेग जास्त, नेमही सरळ.’

हे वाक्य ऐकायला कमलाकर चाळीस वर्षं थांबला होता. आता ते आलं. असं जिंकायचं नव्हतं त्याला. किचनच्या दारातून मीनाक्षी बघत होती.

त्यानं ते शोभेचं काडतूस उचललं. ‘नाही रे. मीच चुकत होतो. थ्री नॉट थ्रीच बरी.’

‘बरं.’

‘आणि गोळी कुठली, तर एनसीसीत मारायचो ना, तीच. टोकापर्यंत तांब्यानं मढवलेली. अस्वलाच्या आरपार गेली की झालं काम.’

यातलं अक्षर न् अक्षर चूक होतं आणि कमलाकरला ते पक्कं ठाऊक होतं. बोलताना लाजच वाटली त्याला.

श्रीनिवासची भुवई हलली. ‘आरपार?’

‘आरपार. इकडून तिकडे.’

‘अरे, ती लष्कराची गोळी.’

‘असू दे की! गोळी ती गोळी. हलकीच घेऊ, खांद्याला त्रास नको.’

‘गाढवा!’ शाल खाली पडली. ‘आरपार गेली तर अस्वल पळेल! झाडीत जाऊन दोन दिवस तडफडत मरेल बिचारं. डॉक्टर ना रे तू?’ त्यानं काडतूस कमलाकरच्या हातातून हिसकावलं. ‘हे टोक बघ. उघडं शिसं. आत गेलं की फुलतं लाहीसारखं आणि जनावर जागच्या जागी आडवं होतं. एकशे ऐंशी ग्रेनची, जड! चाळीस वर्षं कानात बोळे घातले होतेस?’

‘असेल बुवा. पण तुझ्या म्हातारीचा नेम...’

‘नेमाचं तू बोलू नकोस! एनसीसीच्या कॅम्पात पाचही गोळ्या शेजारच्याच्या टार्गेटवर मारल्यास. बक्षीस त्याला मिळालं!’

‘सूर्य डोळ्यांवर होता!’

‘सूर्य पाठीमागे होता!’

ओल्या गवतावर पालथं पडलेले दोघं, बंदुकीच्या तेलाचा वास, नंतर मगातला तो पाकासारखा गोड चहा. सगळं एकदम परत आलं. कमलाकरला हुंदका येईल असं वाटलं, म्हणून तो आणखी जोरात ओरडला, ‘डोळ्यांवर होता!’

मीनाक्षी चहाचा ट्रे घेऊन आली. श्रीनिवास काठी न घेता उभा होता.

‘मीनाक्षी, माझं बंदुकीचं कपाट केंब्रिजच्या त्या फ्लॅटमध्ये कुठल्या भिंतीला ठोकणार? पुठ्ठ्याच्या भिंती त्या! हे घर विकायचं ठरवलं कुणी?’

‘तुम्हीच. आसावरीनं विचारलं, तर बरं म्हणालात.’

‘बरं? मी?’ श्रीनिवास भडकला. ‘मी आयुष्यात कधी कुणाला बरं म्हणालोय?’

मीनाक्षीनं ट्रे टेबलावर ठेवला आणि कार्डिगनच्या बाहीनं डोळे पुसले.

‘नाही हो,’ ती म्हणाली. ‘कधीच नाही.’