डागाची जागा

रखमाजीनं विळा गोवऱ्यांच्या विस्तवात खुपसला आणि समोर बसलेल्या द्वारकाला म्हणाला, "दाखव लेकी, कुठं दुखतंय?"

"समद्या अंगात."

"तसं न्हाई चालत. बोट ठेव."

डाग देण्यात रखमाजीचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. निजामाचं राज्य गेलं, मुंबईचं आलं, पण अंग धरलं की लोक अजून त्यालाच बोलावणं धाडत. माणसाची कंबर असो की बैलाचा खांदा, त्याचा विळा एकच. मात्र त्याचा एक नेम होता. दुखणाऱ्यानं स्वतःच्या बोटानं जागा दाखवायची, आणि तीनाच्या वर डाग नाहीत. जागा चुकली तर दुखणं आत पळतं म्हणे. बैलसुद्धा जागा दाखवतो, जू ठेवलं की खांदा चोरतो, असं तो सांगायचा.

द्वारकाला काही ते जमेना. तिनं मानेवर बोट ठेवलं, मग खांद्यावर, मग कंबरेखाली. शेवटी हात मांडीवर घेतला.

"बघा," उंबऱ्यातून तिची सासू सगुणाबाई म्हणाली. "काल गुडघा म्हणत होती, परवा पाठ. दुखणं हाय का पाव्हणा हाय? रोज नव्या घरी."

द्वारका जिला आत्याबाई म्हणायची त्या सगुणाबाईच्या तोंडाला कुलूप नव्हतं, पण तिनं काही कमी केलं होतं असंही नाही. शेजारीण म्हणाली नजर लागली, तर मीठ-मिरच्या उतरवल्या. वैद्य म्हणाला वात आहे, तर एरंडेल पाजलं. मग बैलगाडीत घालून जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, गुडघे ठोकून पाहिले आणि सांगितलं, हिला काहीही झालेलं नाही. एवढं एकच वाक्य सगुणाबाईनं पक्कं धरून ठेवलं. त्या दिवसापासून घरात दुखण्याला सोंग म्हणायला लागले. द्वारकाचा नवरा भुजंग तसा वाईट नव्हता, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मायलेकांनी ठरवलं होतं, आज डाग द्यायचा. त्यानंही कामाला उठली नाही, तर रामनवमीला जांबच्या जत्रेला जाताना तिला वाटेत माहेरी उतरवायचं, ते कायमचं. चार वर्षांची विमल मात्र इथंच राहणार. हे द्वारकाच्या कानावर आलं होतं.

रखमाजी पुढं सरकला. त्यानं अंगठ्यानं तिच्या मानेच्या मुळाशी दाबलं, मग कोपराजवळ, मग गुडघ्याच्या आतल्या अंगाला. जोर असा काही नव्हताच, कणकेचा गोळा दाबावा तेवढा. दर वेळी ती कळवळली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

"सोंगाडं माणूस आधी वरडतं," तो म्हणाला. "ही तर दात दाबून राह्यली. कधीपास्नं हाय हे?"

"बाळंतपणात गार पाणी लागलं," सगुणाबाई म्हणाली.

"तिला इचारलं म्या."

द्वारकाला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"दोन सालाखाली तापाची साथ आल्ती. मला आन् तान्ह्याला संगंच ताप. माझा उतरला, ते गेलं. दहाव्या दिवशी ज्वारी काढायला गेल्ते. तवापास्नं झोप न्हाई. डोळे झाकून पडून राह्यते, आन् सकाळी उठते ते रातभर मळणी केल्यावानी. माझ्या आईचंबी अंग असंच दुखायचं. आता ह्यातलं कशानं झालं, मला न्हाई कळत, बाबा."

"लेकरं कुणाची जात न्हाईत?" सगुणाबाई म्हणाली. "माझी तीन गेली. मी न्हाई अंग धरून बसले." तिनं खाकरून घेतलं आणि पुन्हा सुरू झाली. "बराबर ऐका, रखमाजी. डाग पाठीवर द्या, चोळीच्या आत. बाहेर दिसला तर गाव म्हणंल, सुनंला छळतेत."

रखमाजीनं विळा बाहेर काढला. टोक लाल झालं होतं. तो त्याकडं बघत राहिला आणि परत निखाऱ्यावर न ठेवता बाजूच्या दगडावर टेकवला.

"हे डागाचं दुखणं न्हाई, सगुणाबाई. जागाच न्हाई त्याला. मी इस्तू विझवतो."

द्वारकाला पुढचं दिसलं. डाग नाही म्हणजे दुखणंच नाही, हे सगुणाबाई आता सांजेला भुजंगला सांगणार, आणि विमल इथं राहणार.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "जागा दाखवते."

तिनं बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि उजवा हात पालथा करून पाटावर ठेवला. डाव्या बोटानं हाताच्या पाठीवर मधोमध खूण केली.

रखमाजीनं तिथं अंगठा दाबला. ती हललीसुद्धा नाही.

"इथं तर दुखत न्हाई तुझं."

"बिलकुल न्हाई."

"मंग?"

"इथं द्या," द्वारका म्हणाली. "ताट वाढताना रोज आत्याबाईला दिसंल, दुखणं हाय म्हून."