किलड्रीनची किल्ली

"नको हो नोनीबाई, खरंच नको," कॉलमन म्हणाला. "फक्त किल्ली द्या."

"अर्धा कप घे."

"घरून पिऊनच निघालोय."

"अरे, पाणी उकळलंच आहे."

संपलं! आमच्या आयर्लंडात चहाला दोनदा नाही म्हणता येतं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं, तर त्या माणसाच्या अंत्ययात्रेतसुद्धा लोक ती गोष्ट काढतात. कॉलमनने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि निमूट बसला.

बाहेर टेकडीवर ऊन कसं झक्क पडलं होतं. टेकडीपलीकडे किलड्रीनचा पडका मठ. त्याच्या पूर्वेच्या खिडकीतून एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊपर्यंत ऊन आत येतं आणि नेमकं वेदीच्या दगडावर पडतं. तेवढा एक फोटो मिळाला की फोटोग्राफी क्लबचा वसंत-करंडक आपला, असं कॉलमनने पक्कं धरलं होतं.

डेअरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरा ध्यास नव्हता. अकरा वर्षं तो स्पर्धेत उतरत होता आणि अकराही वर्षं 'सहभागाबद्दल आभार' असा कागद घेऊन घरी येत होता. बायकोने, अट्रॅक्टाने, करंडकासाठी जागा करायची म्हणून फायरप्लेसवरचा चिनी मातीचा कुत्रा कधीच हलवला होता. गेली पाच वर्षं तो कुत्रा बाथरूममध्ये बसून होता.

या वसंतात कॉलमनने काय कमी पायपीट केली? गोल मनोऱ्यापाशी गेला, तर सहलीची बस येऊन थडकली. दगडांच्या वर्तुळापाशी गेला, तर एकूण एक फोटोत मेंढीचं ढुंगण. शेवटी क्लबच्या सेक्रेटरीलाच, फर्गलला, त्याची दया आली. फर्गल तालुक्याच्या गावी राहायचा आणि सलग तीन वर्षं करंडक त्याच्याकडे होता.

"किलड्रीनला जा," तो म्हणाला. "मठाच्या गेटला कुलूप असतं. किल्ली रस्त्यावरच्या घरात, नोनीबाईंकडे. फक्त चहाला नाही म्हणू नकोस रे. म्हातारी एकटी असते, मनाला लावून घेते."

स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला कोण सांगतं असं? कॉलमनला अगदी भरून आलं.

घरासमोर पाटीही होती. 'मठाला कुलूप. किल्ली इथे मिळेल.' अक्षरं ताज्या पांढऱ्या रंगाने रंगवलेली.

पहिल्या दिवशी चहाबरोबर सोडा ब्रेड आला आणि बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन. किल्ली हातात पडली तेव्हा दहा वाजले होते. दुसऱ्यांदा सफरचंदाचा केक आणि कै. नवऱ्याचा दमा. तिसऱ्यांदा आख्खा आल्बम.

"मुलगा नाही का येत तुमचा?" कॉलमनने विचारलं. घड्याळाकडे बघायचं नाही, म्हणून काहीतरी विचारायचं.

"येतो की दर रविवारी, उजाडायच्या आत. पण चहासुद्धा घेत नाही मेला. सरळ टेकडीवर फिरायला." नोनीबाईंनी सुस्कारा सोडला. "तू आपला माझ्यापाशी बसतोस तरी. फोटो कधीपर्यंत द्यायचा म्हणालास?"

"शुक्रवारी. बारापर्यंत."

"अगं बाई! मग शुक्रवारी लवकर ये हो."

शुक्रवारी तो आठलाच हजर झाला. आकाश निरभ्र. आज मात्र उभ्या उभ्या किल्ली घ्यायची, काय वाट्टेल ते होवो. नोनीबाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, "आज माझा वाढदिवस. चौऱ्याऐंशी झाली मला." टेबलावर दोन बशा मांडलेल्या होत्या. दोनच.

काय करणार? बसला.

सव्वादहाला त्यांनी चहाच्या डब्यातून ती वीतभर लांबीची गंजकी किल्ली काढून दिली. ऊन केव्हाच सरकलं होतं. तरी या खेपेला कॉलमन हट्टाने टेकडी चढला. चार फेऱ्या मारून निदान मठ तरी बघावा!

वर पोचला आणि बघतच राहिला. दगडाचे दोन खांब होते, त्यांच्यामध्ये एक मेंढी रवंथ करत बसली होती. गेट नव्हतं. बिजागऱ्यांचे खुंट तेवढे उरले होते आणि त्यांवर इंचभर शेवाळ. गेट जाऊन पंचवीस-तीस वर्षं सहज झाली असतील.

आधी त्याचं डोकंच फिरलं. चार सकाळी! चार सकाळी कुलूप नसलेल्या गेटच्या किल्लीसाठी केक खात बसलो! मग त्याला त्या दोन बशा आठवल्या. ती रंगवलेली पाटी आठवली. कुणीतरी दार वाजवावं म्हणून बिचारीने केवढा खटाटोप केला होता! त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

खाली येऊन त्याने किल्ली परत दिली.

"उघडलं का रे?" नोनीबाईंनी विचारलं.

"उघडलं. पण कुलूप फार कडक आहे हो. पुढच्या वेळी तेल घेऊन येतो."

"आण हो राजा," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी कॉलमनने मेंढीच्या ढुंगणाचा फोटो दिला. घरी अट्रॅक्टाने सगळं ऐकलं, "मूर्ख आहेस झालं," म्हणाली आणि डोळे पुसत कुत्रा परत फायरप्लेसवर ठेवला. करंडक नाही तर नाही, कॉलमनला आयुष्यात प्रथमच काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

बक्षीस समारंभाला तो टाळ्या वाजवायच्या तयारीनेच गेला. पडदा सरला. पहिलं बक्षीस, चौथ्यांदा, फर्गल. फोटोत किलड्रीनची पूर्वेची खिडकी होती आणि सकाळचं सोनेरी ऊन वेदीच्या दगडावर नेमकं पडलं होतं.

"हा करंडक खरा माझ्या आईचा," फर्गल माइकवर गहिवरून म्हणाला. "तिच्याशिवाय एकाही वर्षी जमलं नसतं. आई, ये ना वर."

मागच्या रांगेतून निळी हॅट घातलेली एक म्हातारी उठली. स्टेजकडे जाता जाता कॉलमनपाशी क्षणभर थांबली आणि त्याचा खांदा मायेने थोपटत हळूच म्हणाली, "तेल राहिलंच की रे राजा."