चाचणीची ओळ

वाडीच्या गोदामात करुणाचा प्रोग्राम टेक्स्ट फाइलमधली एकेक ओळ उचलायचा, तिची एक्सएमएल रिक्वेस्ट बनवायचा आणि ट्रान्सपोर्ट कंपनीच्या सर्व्हरला धाडायचा. एक ओळ म्हणजे एक पार्सल. चाचणीसाठी तिनं एक खोटी ओळ घातली होती. कन्हानचा पत्ता मनानं रचलेला, वजनाच्या जागी स्वतःचंच वजन. ती ओळ काढायची राहून गेली.

दुपारी सर्व्हरचं उत्तर आलं, ‘पार्सल पोचलं.’

करुणानं ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी तीच रिक्वेस्ट पुन्हा गेली. तिनं अख्खी फाइल रिकामी केली, तरी रिकाम्या फाइलमधून तीच रिक्वेस्ट निघाली आणि तेच उत्तर आलं.

“जाऊ दे नं पोरी. काहून त्याच्या मागं लागून राहिली?” हमालांचे मुकादम लहानूकाका म्हणाले.

“माह्या प्रोग्रामात माहंच चालन, काका!”

तिनं नवी रिक्वेस्ट हातानं लिहिली, ‘पार्सल परत पाठवा.’ घेणाऱ्याच्या जागी बिनदिक्कत स्वतःचं नाव ठोकलं.

उत्तर आलं, ‘निघालं.’

संध्याकाळी कन्हानचा ट्रक लागला. लहानूकाका जिन्याखालूनच ओरडले, “पोरी, तुह्या नावाचं आलं वं!”

“मग उतरवा नं.”

“उतरवू काय? ते आपल्या पायानं उतरलं. जिना चढून राहिलं.”

लोखंडी पायऱ्यांवर पावलं वाजू लागली. चाल करुणाचीच होती.

करुणानं कोपऱ्यातला वजनकाटा ओढत आणून दारात आडवा लावला.

“येऊ द्या,” ती म्हणाली. “वजन केल्याबिगर मी कोणाले आत घेत नाही.”