नुसतं नाव

काशीत पंचगंगा घाटाच्या गल्लीत चौघांनी मुनीरचाचांना बडवलं. आमच्या गणपतीचं पीतांबर दरसाल तेच विणतात, यंदाचं द्यायला आले होते. लेकीला कडेवर घेऊन मी चौकीत साक्ष द्यायला गेले. दरोगाजी कायद्याचे मोठे पंडित. त्यांनी तोंडातलं पानही न थुंकता लिहून टाकलं : धक्का लागल्यावरून आपसी झगडा.

"धक्काबिक्का काही नाही. आधी नाव विचारलं, मग मारलं. हे लिहा, तरच सही करीन."

"बहनजी, आप तो पढ़ी-लिखी हैं. नाम पूछना कौन-सा जुर्म है?"

मग हसत त्यांनी लेकीचा गाल चिमटीत धरला. "बिटिया, तुम्हारा नाम क्या है? किस स्कूल में जाती हो?"

सही कुठे करायची, ते मीच विचारलं.