बागेकडची खोली

"तुम्हाला पटायचं नाही, पण ही खोली क्रेननं चौथ्या मजल्यावर चढवली ना, तेव्हा आमची ही आतच बसली होती," मी म्हणालो. "हातात चहाचा भरलेला कप. थेंब सांडला नाही! उलट खिडकीतून क्रेनवाल्यालाच ओरडली, 'अहो, जरा डावीकडे घ्या, मला बाग दिसू दे.'"

आर्किटेक्ट बाई हसल्या नाहीत. ही सरकारी घरं त्यांनीच आखलेली. कारखान्यात तयार झालेल्या खोल्या बोल्टांनी जोडायच्या. घरात माणूस वाढलं की खोली वाढवायची, कमी झालं की सोडवून दुसऱ्या कुटुंबाला द्यायची. खाली क्रेन येऊन उभी होती. कामगारानं दोन बोल्ट काढलेसुद्धा.

"थांबा की जरा. ती खाली सगळ्यांच्या बागेत मिरच्यांना पाणी घालतेय. वर आल्यावर खोलीच गायब दिसली, तर माझी काही धडगत नाही."

बाईंनी कामगाराला हातानंच थांबवलं.

"आजोबा, आजींच्या मृत्यूचा दाखला परवा तुम्हीच आणून दिलात. खोली घेऊन जा, असा अर्जही तुम्हीच लिहिलात."