नशिबाचे मोजे

जिद्द, घाम आणि त्याग यांशिवाय इतिहास घडत नाही. या मोसमात जिद्द टेनिसपटू पोरीची होती, घाम तिच्या मोज्यांत होता आणि त्याग फिजिओकाकांच्या वाट्याला आला होता.

पहिली स्पर्धा जिंकली तेव्हा पायात होते ते मोजे तिने पुन्हा धुतलेच नाहीत. "नशीब वाहून जाईल ना, काका!" पाच महिन्यांत ती तीनशे बाराव्या क्रमांकावरून सत्ताविसाव्यावर आली आणि मोजे पाय नसतानाही ताठ उभे राहू लागले. प्रत्येक सामन्यानंतर ते ओढून काढायचे आणि पाय चोळायचे, हे काम काकांचं. नंतर त्यांना घास गिळवत नसे.

"एकदा मोसम संपू दे, जाळूनच टाकतो मेल्यांना," ते प्रशिक्षकांना रोज सांगत.

शेवटची स्पर्धाही ती जिंकली. करंडक बाजूला ठेवून तिने भरल्या डोळ्यांनी काकांना कोर्टवर बोलावलं. "हे यश यांचं आहे. माझी सगळ्यात मोलाची वस्तू आज मी यांनाच देणार."

सगळं स्टेडियम उभं राहिलं. ती खाली बसली आणि बुटाच्या नाड्या सोडू लागली.



"फक्त धुऊ नका हं, काका."